जवारी पंगत

लग्नाच्या जेवणासाठी फोन आला की पलीकडचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "अक्का, तुमचं मेन्यू कार्ड व्हॉट्सअॅपला टाका की." मी विचारते, "तारीख कुठली धरलीया?" माणूस जरा घुटमळतो. तारखेचा आणि मेन्यूचा काय संबंध, हे त्याच्या आवाजात ऐकू येतं. माझ्या कामात सगळा संबंध तिथंच आहे. मार्गशीर्षातलं लग्न असेल तर वांगी, पावटा, मेथी आणि नवा गूळ. वैशाखातलं असेल तर कोवळा फणस, कैरी, कडधान्यं, मठ्ठा, आणि नशिबात असतील तर शेवटचे ओले काजू. तारीख कळल्याशिवाय मी मेन्यू सांगत नाही. छापलेलं कार्ड माझ्याकडे नाहीच.

गडहिंग्लज-आजरा भागात मी गेली सव्वीस वर्षं जेवणावळी करते. वडील आचारी. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणायची. त्यांच्या काळी गावातलं लग्न म्हणजे यजमानाच्या घरचा तांदूळ, भावकीतल्या कुणाच्या तरी म्हशींचं दूध, मळ्यातली भाजी, आणि आप्पा फक्त आपली उलथणी, झारे घेऊन जायचे. माल कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न माझ्या पिढीत आला. हॉल आले, बुफे आला, ताटागणिक दर ठरू लागले आणि बावीस पदार्थांची यादी आली. मीही तशीच शिकले. आदल्या रात्री टेम्पो मार्केटला पाठवायचा, पनीर, बेबीकॉर्न, फ्लॉवर, रंगीत ढोबळी मिरची भरून आणायची. पौष असो की ज्येष्ठ, ताट तेच.

आमच्या भागात गावरान मालाला एक शब्द आहे, जवारी. सीमेच्या अलीकडे मराठी, पलीकडे कन्नड, पण जवारी दोन्हीकडे चालतो. जवारी मिरची, जवारी कोंबडी, जवारी कोथिंबीर. बाजारात बाई कोथिंबिरीची पेंडी आधी नाकाला लावते आणि मगच भाव विचारते. घरच्या चार माणसांसाठी इतकी चिकित्सा करणारी हीच माणसं लग्नात पाचशे जणांना काय वाढलं जातं याची चौकशी करत नाहीत, हे मला फार उशिरा खटकलं. तेही एका म्हाताऱ्यांनी बोलून दाखवलं तेव्हा. आजऱ्याकडचं लग्न होतं. नवरीचे आजोबा पानावर बसले, भाताचा घास घेतला आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, घरात घनसाळ भरून ठेवलाय, आणि माझ्या नातीच्या लग्नात ह्यो कुठला भात?" रागावले नव्हते. खरंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही.

घनसाळ हा आखूड दाण्याचा, वासाचा तांदूळ. आजरा तालुक्यातली तांबडी माती आणि धो धो पाऊस त्याला मानवतो. पीक उंच वाढतं, वाऱ्यापावसात आडवं पडतं, तयार व्हायला वेळ घेतं आणि उतारा संकरित भातापेक्षा कमी देतं. तरी लोक तो लावतात, कारण घरात शिजला की शेजारी कळतं. २०१६ साली आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडचा तांदूळ या नावानं विकणं कायद्यानं चूक ठरलं.

आजोबांचं बोलणं डोक्यात ठेवून पुढच्या मार्गशीर्षात एका लग्नाला मी हट्टानं घनसाळ घेतला. पंधरा दिवसांपूर्वी मळलेलं भात, नुकतंच गिरणीतून काढून आणलेलं. पोतं उघडलं तेव्हा मांडवात कांदे चिरणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या, असा वास. तीस किलोचा मसालेभात मी एकाच मोठ्या डेगीत टाकला आणि पाणी नेहमीच्या अंदाजानं घातलं. झाकण काढलं तर खाली गिचका आणि वर अर्धकच्चा दाणा. अकरा वाजून गेले होते, अक्षता साडेबाराला. मी यजमानांना जाऊन खरं ते सांगितलं. दुकानातून तयार जुना तांदूळ मागवून मसालेभात परत चढवला. गिचका झालेला भात परातींतून पसरून निववला, त्यात ताजं दही आणि थोडं दूध कालवलं, आलं, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि दहीभात म्हणून वाढला. लोक पुन्हा मागून जेवले. पण ती माझी चूक होती, त्या तांदळाचे पैसे मी बिलात धरले नाहीत.

चूक काय झाली, ते घरी शिजवणाऱ्यालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि शिजताना त्याचा चिकटपणा बाहेर येतो. तांदूळ मुरावा लागतो, आणि तो सालासकट, म्हणजे भाताच्या रूपात ठेवला तर जास्त चांगला मुरतो. सहा-आठ महिन्यांनी दाणा सुटा शिजू लागतो. फार जुना केला तर वास उडतो, हेही खरं. म्हणून आता मी सुगीला भात विकत घेऊन पोत्यांत ठेवते आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात लागेल तेवढंच गिरणीला पाठवते. दुसरी गोष्ट डेगीची. लांब, टणक दाणा वरच्या थराचं वजन पेलतो. घनसाळचा मऊ दाणा खाली दबतो. म्हणून तीस किलो एकात न घालता दहा-दहाच्या तीन डेगी लावायच्या, पाऊण शिजल्यावर खालचा जाळ ओढून घ्यायचा आणि झाकणावर निखारे पसरायचे. पाचशे पानांना मी एकूण पन्नास किलो तांदूळ धरते, तीस मसालेभाताला, वीस साध्या वरणभाताला. साधा घनसाळ भात, वर तूप आणि आमटी. हे हातानं कालवून जेवायचं जेवण आहे. चमच्यानं त्याची गंमत कळत नाही, म्हणून मी शक्य तिथं पंगतीचा आग्रह धरते.

यात पैशाची एक मोठी अडचण आहे आणि ती मोकळेपणानं सांगायला हवी. मार्केटचा माल उधारीवर मिळतो, लग्न झालं की पैसे द्यायचे. सुगीला मात्र वर्षाचं भात रोखीनं घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे सुटतात वैशाखात. पहिली दोन वर्षं मी त्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. आपल्या भागातला माल वापरायची हौस असलेले कितीतरी केटरर इथंच अडतात. माल मिळत नाही असं नसतं. तो मिळतो तेव्हा हातात पैसा नसतो.

गोडाची अडचण वेगळी असते. मागच्या माघात एक जोडपं मुलीच्या साखरपुड्याचं ठरवायला आलं. तीनशे पानं. त्यांना गुलाबजाम, रबडी आणि आइस्क्रीम हवं होतं. मी म्हटलं, हुग्गी करूया. बाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. "हुग्गी जत्रंला असती वो अक्का. पुण्याची पावणी येणार, लोक काय म्हणतील?" मी त्यांना घरी नेऊन वाटीभर खायला घातली. दुसरी वाटी घेताना बाई म्हणाल्या, "ह्यातच बदाम घातलं तर?" मी म्हटलं, "खोबरं हाय की."

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. तिला खपली गहू लागतो. या गव्हाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून नाव खपली. ते साध्या मळणीत सुटत नाही, गहू ओलवून कांडावा लागतो. कांडलेला गहू रात्रभर भिजवायचा, पहाटे काहिलीत चढवायचा आणि दाणा फुलून फुटेपर्यंत शिजवायचा. मग गूळ, किसलेलं खोबरं, खसखस, बडीशेप, वेलची, थोडी सुंठ. पाचशे पानांना वीस किलो गहू आणि जवळपास तेवढाच गूळ. दूध काहिलीत घालायचं नाही. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं, हा आप्पांचा पहिला धडा. म्हणून हुग्गी पानावर वाढायची आणि दूध, तूप वरून. वाढप्याच्या एका हातात दुधाची झारी असली की पंगतीला शोभाही येते.

गूळ घेताना मी रंगाला भुलत नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि बाजारात पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, जास्त भाव खातो. त्या रंगासाठी काही ठिकाणी रसात रसायनं पडतात. मी ज्या गुऱ्हाळावरून घेते तिथं रसाची मळी काढायला रानभेंडीचं पाणी वापरतात. देठ ठेचून पाण्यात चोळले की बुळबुळीत द्रव निघतो, तो उकळत्या रसात घातला की घाण फेसासारखी वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. हा गूळ तांबूस-काळपट होतो. त्यात केलेली हुग्गी फोटोत सुंदर दिसत नाही. त्या साखरपुड्यात पुण्याच्या पाहुण्यांनी डबे भरून नेली.

आता भाजी. माझ्या कामाचा सगळ्यात नाजूक भाग हाच. तारीख कळली की मी वहीत उलटं मोजते. मेथीला पंचवीस-तीस दिवस, कोथिंबिरीला चाळीसच्या आसपास, काकडीला दीड महिना, वांग्याचं रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला दोन-अडीच महिने. म्हणजे मार्गशीर्षातल्या लग्नाची वांगी गणपतीच्या सुमाराला जमिनीत असायला हवीत. मी शेतकऱ्याला तेव्हाच इसार देते आणि भाव ठरवते. बाजार चढला तरी मला ठरल्या भावानं मिळतं, पडला तरी त्याला ठरला भाव मिळतो. एकच भाजी दोघांना वाटून लावायला सांगते, कारण कीड किंवा अवकाळी पाऊस एकाच्या रानात आला तर दुसऱ्याचं हाताशी असतं. आणि दरपत्रकात स्पष्ट लिहिते की पालेभाजी त्या आठवड्यात जी चांगली असेल तीच मिळेल. ज्यांना हे मान्य नाही त्यांना मी नम्रपणे दुसऱ्या केटररचं नाव सुचवते.

वांगी तोडायला मी स्वतः जाते. पहाटे पाच, बॅटरीचा उजेड, पानांवर दहिवर. जवारी वांग्याचा देठ काटेरी असतो, बोटांना टोचतो. तात्या, ज्यांच्या रानात मी अकरा वर्षं वांगी घेते, सुरी न वापरता देठ हलका पिळून तोडतात आणि पाटीत फळं अंगावर अंग न आदळता ठेवतात. पाचशे पानांना चाळीस किलो. त्यातली सारख्या आकाराची, लिंबाएवढी पंचवीस किलोच निघतात. ती भरली वांगी. बाकीची कुठं वाकडी, कुठं मोठी, कुठं डाग पडलेली. सुरुवातीला मी ती परत देत असे. एकदा तात्या शांतपणे म्हणाले, "अक्का, झाड काय साच्यात वांगी घालतंय का?" तेव्हापासून मी पूर्ण तोडा घेते आणि सगळ्याचे पैसे देते. मोठी वांगी भाजून भरताला, वाकडी चिरून रश्श्याला. मेन्यूच असा बसवायचा की एका रानातलं काही परत जाऊ नये. स्थानिक माल परवडतो तो इथं. नुसती निवडक फळं मागितली तर तो मार्केटपेक्षा महाग पडतो आणि शेतकरी पुढच्या वर्षी आपल्यासाठी लावत नाही.

वैशाखात पालेभाजी नसते. विहिरी तळाला गेलेल्या, ऊन कडक. यजमान नेमके तेव्हाच हिरवंगार सॅलड मागतात. आपल्याकडे त्या दिवसांसाठी पूर्वीपासून सोय आहे, ती लोक विसरले. कोवळ्या फणसाची भाजी, मुगाची आणि मसुराची उसळ, सांडग्याची आमटी, तळलेली कुरडई, कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हं. आंबोलीचा घाट उतरला की कोकण, तिथून कोकम येतं, त्याचं सार होतं. या ताटात कुणाला काही कमी वाटल्याचं मला आजवर आठवत नाही.

आणि मिरची. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं वर्षाचं तिखट. ती चैत्रात, वळवाच्या आधी होते. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे सौदे निघतात, लोक तिला नुसतं जवारी मिरची म्हणतात. लांब, पातळ सालीची, तिखट आणि वासाची. मला वर्षाला साठ किलो लागते. बायका अंगणात बसून देठ काढतात, दोन दिवस कडक ऊन देतात, मग कांडप. रंगासाठी थोडी ब्याडगी मिसळावी लागते, एवढी तडजोड मी करते. पण दरवर्षी सौद्यात खरी संकेश्वरी कमी दिसते. उतारा कमी, रोग जास्त, तोडणीला माणूस मिळत नाही. शेतकरी दुसरं बी लावतो, त्याला मी काय बोलू? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं राखण्यासाठी २०२० सालची पद्मश्री मिळाली तेव्हा मला फार आनंद झाला होता. बी घरात राहिलं तरच हे सगळं आहे. म्हणून मिरची लावणाऱ्या दोघांना मी सौद्यापेक्षा जास्त भाव देते आणि बदल्यात एकच मागते. झाडावर पिकलेली चांगली फळं बियाण्याला राखून ठेवा, ती मला विकू नका.

भाकरीचं काम बचत गटाच्या बायका करतात. नाचणीची भाकरी गार झाली की कडक होते, म्हणून ती मांडवातच, तव्यावरून पानावर जायला हवी. एक बाई तासाला चाळीस भाकरी थापते. पाचशे पानांना सहा बायका, सहा चुली आणि दोन तासांहून थोडं जास्त. हिशेब सोपा आहे. पण धूर पंगतीकडे जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून चुली मांडाव्या लागतात, हे हॉलवाल्यांना पटवणं अवघड जातं. केळीची पानं आणि पत्रावळी मी आधीपासूनच वापरत होते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली तेव्हा मला काही बदलावं लागलं नाही.

सगळंच इथलं असतं असं मी कुणाला सांगत नाही. जिरं, हिंग बाहेरून येतात. तुरीची डाळ आमच्याकडे पुरेशी पिकत नाही, ती मराठवाड्यातून आणि गुलबर्ग्याकडून येते. चपातीचा गहू मध्य प्रदेशचा. इथलंच म्हणून खोटं सांगण्यापेक्षा कुठलं आहे ते सांगावं. अन्न परवाना तर लागतोच, शिवाय प्रत्येक कार्यासाठी कुठल्या रानातून, कुठल्या गोठ्यातून काय आलं ते मी तारखेनिशी लिहून ठेवते. उद्या कुणाच्या पोटाला त्रास झाला तर माग काढता आला पाहिजे. ओळखीच्या माणसाचा माल म्हणून तो न तपासता घेणं ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची सवय आहे. दही मी गोठ्यावर जाऊन चाखते. भाजी तीन पाण्यांनी धुते.

लोक विचारतात, खर्च वाढतो का? घनसाळ साध्या तांदळापेक्षा महाग, चांगला गूळ महाग, भाकरीची मजुरी वेगळी. पण पनीर नाही, बेबीकॉर्न नाही, आइस्क्रीमचा काउंटर नाही. बावीस पदार्थांऐवजी अकरा. आणि अकरा पदार्थ असले की माणूस सगळं चाखायच्या नादात ताट अर्धं टाकून उठत नाही. माझा ताटाचा दर बाकीच्यांच्या बरोबरीनं बसतो. तुम्ही कधी कुठल्या केटररला काम देणार असाल तर फक्त दोन प्रश्न विचारा. त्या महिन्यात इथं काय पिकतं? आणि तांदूळ कुठला, किती जुना? त्याच्या उत्तरावरून बरंच कळेल.

त्या आजोबांच्या धाकट्या नातीचं लग्न वैशाखात आहे. आजोबा आता नाहीत. सहाशे पानं. भात त्यांच्याच घरचं, गेल्या सुगीचं, मी कार्तिकातच पोत्यांवर खूण करून वेगळं ठेवायला सांगितलंय. काल तात्यांना फोन केला. काकडी चैत्राच्या सुरुवातीला टोकायला हवी, साठ किलो तरी लागेल. "विहिरीला तवर पाणी ऱ्हाईल का ते बघतो," ते म्हणाले. "दहा गुंठ्यात मक्याच्या सावलीला कोथमीर टाकतो. जवारी बी हाय थोडं. पण अक्का, पेंड्या बारक्या येतील." मी म्हटलं, येऊ देत. वहीत लिहिलं, कोथिंबीर जवारी, पेंड्या जास्त धरणे.